उसनवारी मावशीची सही

२ फेब्रुवारी

सहा वर्षं घरात जे काही घडलं ते चार चौकटींत काढून जगाला दाखवलं. आईचं रागावणं, बाबांचं घोरणं, विकासदादाचं दहावीत गटांगळ्या खाणं, काही म्हणजे काही सोडलं नाही. आता एक वही अशी ठेवायची आहे जी कुणालाच दाखवायची नाही. बघू माझ्या पोटात किती दिवस राहतं.

कारण असं, की ‘खोली नंबर ४२’चं पुस्तक निघतंय. दर रविवारी मी फोनवर टाकते ती चित्रं आता दादरचे एक प्रकाशक कागदावर छापणार आहेत. खोली नंबर ४२ म्हणजे करी रोडच्या चाळीतलं आमचं घर. चाळ आता नाही. तिच्या जागी बावीस मजल्यांचा टॉवर आहे आणि त्यात नवव्या मजल्यावर आई आणि मी राहतो. बाबा चाळीतच गेले, दादा पनवेलला असतो.

आईला बातमी सांगितली तर म्हणाली, “छापील? म्हणजे रद्दीतपण जाणार.” आणि मेथी निवडत बसली. पण संध्याकाळी दादाला फोन करून तिनेच आधी सांगितलं. मी मोरीतून ऐकलं. इथे मोरी नाही, बाथरूम आहे, पण तोंडात अजून मोरीच येतं.

९ फेब्रुवारी

दादरला प्रकाशकांकडे गेले होते. संपादक माधव सर माझ्याच वयाचे, पण सगळे ‘सर’ म्हणतात म्हणून मीही म्हणते.

“मुखपृष्ठावर उसनवारी मावशी,” ते म्हणाले. “दुसरा विचारच नको. लोकांना तुम्ही माहीत नाही, अक्षता. मावशी माहीत आहे.”

मनातून जरा लागलं, पण खोटं नव्हतं. उसनवारी मावशी म्हणजे आमच्या शेजारच्या त्रेचाळीस नंबरची मालनमावशी. रक्ताची नाही, गॅलरीची. तिची बहुतेक चित्रं एकाच चालीची. पहिल्या चौकटीत मावशी दारात, हात हलवत. दुसरीत, “कांता, चमचाभर हळद दे गो.” तिसरीत आई हळद देतेय, वाटीसुद्धा आमचीच, ‘दत्ताराम’ असं बाबांचं नाव कोरलेली. चौथीत बाबा पेपराच्या मागून, “कांता, आपण दुकानच टाकू.” लोक हे अजून एकमेकांना पाठवतात. एका बाईने तर लिहिलं होतं, ‘प्रत्येक चाळीत एक उसनवारी मावशी असतेच.’

निघताना सरांनी एक फॉर्म दिला. चित्रांतून जी जिवंत माणसं ओळखू येतात त्यांची लेखी संमती लागते म्हणे. माझ्याकडे अशी तीनच. आई आणि दादा घरचेच, राहिली मावशी. मी म्हटलं, त्यात काय, आज-उद्याकडे आणते.

१२ फेब्रुवारी

आज एकही रेघ नीट आली नाही. गॅलरी काढायला बसले आणि गॅलरीतच हरवले.

आमचा दुसरा मजला, बावीस खोल्या, एक लांबलचक गॅलरी. कुणाच्या घरी काय शिजतंय ते जिन्यातच कळायचं. त्रेचाळीसमध्ये बोंबील भाजले की एक्कावन्नमधले कुशाबाकाका स्वतःच्या घरी जेवताना मावशीचं नाव घ्यायचे. मी उंबरठ्यावर बसून चित्रं काढायची, बाबा मिलमधून एका बाजूने कोरे कागद आणायचे त्यांवर. उंबरठा ही जगातली सगळ्यात चांगली जागा आहे. आतलं आणि बाहेरचं दोन्ही दिसतं आणि दोन्हीकडचे ओरडतात. आता आमच्या दाराला उंबरठा नाही आणि दार बंद असतं.

मी सहावीत असताना बाबांची मिल बंद पडली आणि कागद यायचे थांबले. मावशी कमाल बाई. नेमकं त्याच वर्षी तिचं मागणं वाढलं. स्वतः म्युनिसिपालिटीच्या हॉस्पिटलात आया, दर महिन्याचा पगार चालू, आणि आमच्याकडे हळद मागायला! काहींना वेळकाळ कळत नाही हेच खरं. आई मात्र कधी नाही म्हणाली नाही.

शिवाय वाटी हरवायची खोड. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही ही चाळीची रीत, सगळेच पाळायचे, साखरेच्या वाटीतून चिवडा यायचा. पण मावशी वाटी न्यायची हळदीची आणि संध्याकाळी पातेलं घेऊन उभी. “कांता, वाटी कुठं ठेवली ती गावंना, म्हणून पातेलंच आणलं.” आत भात, वर सुकटीची चटणी. दुसऱ्या दिवशी वाटी सापडायची, आणि तीही भरून. यावर मी तीन चित्रं केली आहेत, ‘मावशी आणि हरवलेली वाटी’. तिसऱ्याला सगळ्यात जास्त लोक हसले होते.

१६ फेब्रुवारी

चौदाव्या मजल्यावर मावशीकडे गेले. पूर्वी दार ओलांडलं की मावशी, आता लिफ्टने पाच मजले. बेल वाजवून उभं राहायचं म्हणजे मला पाहुणी झाल्यासारखं वाटतं.

मावशी बहात्तरची झाली. गुडघे गेलेत, आवाज तसाच आहे. “काय गो, वाट चुकलीस?” सून कामावर होती, नात प्रिती कॉलेजला. मी सगळी चित्रं छापून नेली होती. तिने पहिलं उचललं, डोळ्यांजवळ धरलं.

“हे माझं नाक?”

“जरा मोठं केलंय मावशी. तसंच करतात.”

“करतात ते करू देत. प्रितीने फोनवर दाखवलं होतं मागे दोनतीन. हसत होती पोरगी.”

“तू हसलीस?”

“मी चष्मा लावला नव्हता.”

फॉर्म पुढे केला. तिने घडी घालून उशीखाली ठेवला. “राहू दे. सगळं वाचते, मग बघू.” चहा पाजला, डोक्यावरून हात फिरवला आणि वाटेला लावलं.

२३ फेब्रुवारी

सही नाही. चष्म्याचा नंबर बदलायचाय म्हणे.

बोलता बोलता तिने एकच विचारलं, तेही दुसरीकडे बघत. “कांताने वाचलंय का हे सगळं?”

मी म्हटलं, आई माझी चित्रं बघत नाही. आपलं घर लोकांना कशाला दाखवायचं, असं तिचं म्हणणं. फोन तर ती बोलण्यापुरताच वापरते.

“बरं आहे,” मावशी म्हणाली. आणि एकदम खुशीत येऊन मला डब्यातले दोन लाडू बांधून दिले.

काही कळलं नाही. नाक तिचं, पुस्तक माझं, आणि तिला काळजी आईने वाचलं की नाही याची. या वयात माणसं कुठलं सूत कुठे जोडतील सांगता येत नाही.

२ मार्च

पुस्तकात एक मोठं पान हवंय, आमच्या खोलीचं, दोन्ही पानांवर पसरलेलं. ओटा, फळी, फळीवर पितळी डबे, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, बाजूला मिलचं कॅलेंडर. आईला विचारून विचारून काढतेय. पंखा कुठे, आरसा कुठे, सगळं तिने पटापट सांगितलं. तिलाही मजा येत होती. बाबा आरशासमोर कंगवा शोधत कसे फिरायचे आणि तो खिशातच कसा असायचा, हे तिने नक्कल करून दाखवलं. कितीतरी दिवसांनी तिला इतकं हसताना पाहिलं.

मग मी विचारलं, “तांदळाचा डबा कुठला गं? वरचा की खालचा?”

“झाकणं लावून काढ सगळे,” म्हणाली आणि कपडे वाळत घालायला गेली.

कपडे तिने सकाळीच वाळत घातले होते.

५ मार्च

माधव सरांचा फोन. वीस तारखेला पुस्तक प्रेसला जाणार. मावशीची सही नसेल तर तेवीस चित्रं काढून टाकावी लागतील.

“तेवीस काढली तर उरतं काय?” मी म्हटलं.

“तेच म्हणतोय मी,” ते म्हणाले.

इथे खरं लिहायचं ठरवलंय म्हणून लिहिते. फोन ठेवल्यावर मी कागदावर ‘मालन’ असं मावशीच्या वळणाने लिहून पाहिलं. माझा हात तयार आहे, दोनदा लिहिलं, हुबेहूब आलं. कागद फाडून टाकला. दिवसभर मग आईच्या नजरेला नजर दिली नाही.

९ मार्च

आजचं लिहायला नको वाटतंय, पण लिहिते.

सरांनी चित्रं वर्षांप्रमाणे लावून मागितली होती. मी ती कधी ओळीने काढलीच नाहीत. एखाद्या रविवारी सातवीतलं आठवायचं, पुढच्या रविवारी बारावीतलं. आज दुपारी आई विहारात गेली होती. हॉलमध्ये फरशीवर सगळी चित्रं क्रमाने मांडली. प्रत्येकावर कोपऱ्यात मी कितवीत होते ते लिहिलेलं असतंच.

मावशीची तेवीसच्या तेवीस एका जागी आली. सगळी सहावी आणि सातवीतली. बाबांना बँकेत वॉचमनची नोकरी लागली, आणि त्यानंतर एकही नाही. तेविसावं, शेवटचं चित्र आहे ‘मावशी सुधारली’.

मग दुसऱ्या चौकटी बघत गेले. चमचाभर हळद. चिमूटभर मीठ. मोहरी. दोन मिरच्या. काडेपेटी. तेवीस वेळांत तिने कधी तांदूळ मागितला नाही. पीठ नाही, तेल नाही, डाळ नाही. घरात काही नसलं तरी जे असतंच, तेवढंच मागितलं. आणि बदल्यात काय आलं, तर पातेलंभर भात. “चुकून जास्त झाल्या” म्हणून आठ भाकऱ्या. आम्ही घरात किती माणसं? चार. माणशी दोन.

माझ्याच हाताने काढलंय हे सगळं. आठ भाकऱ्या मी मोजून काढल्यात, विनोद चांगला व्हावा म्हणून.

मी दोन वर्षं त्या बाईच्या घरचं जेवले आणि सहा वर्षं तिला मागणारी म्हणून नाचवलं. फरशीवर बसून खूप रडले. आई आली तेव्हा म्हटलं, डोळ्यात रंग गेला.

१० मार्च

सकाळीच चौदाव्यावर गेले. मावशीच्या पायाशी बसले आणि सगळं सांगून टाकलं. मला कळलं, मी चुकले, नवीन पानं काढते, खरं काय ते सगळ्यांना सांगते. मला वाटलं ती रडेल, मला जवळ घेईल. ती भडकली.

“कुणाला सांगितलंस? कांताला?”

“अजून नाही.”

“मग सांगायचं नाही.”

“पण मावशी, लोक तुला...”

“लोकांना घाल चुलीत. ऐक आता. तुझा बाबा मानी, आणि आई त्याच्या दुप्पट. युनियनने धान्य वाटलं तेव्हा अख्खी चाळ रांगेत, ही नाही. कोणी काही घेऊन गेलं की दारातच, ‘आमच्याकडे आहे.’ तुम्ही दोघं पोरं दुपारी पाणी पिऊन अभ्यासाला बसायचात, मला भिंतीपलीकडून कळत नव्हतं? दिलेलं ती घ्यायची नाही. मग मी मागायला लागले. मागणाऱ्याला नाही म्हणायची तिची रीत नाही. आणि एकदा भांडं माझ्याकडे आलं की रिकामं परत कसं करू? ते तिलाही नाकारता येईना.”

ती दम खायला थांबली.

“माझी काय ती चेष्टा झाली, झाली. मी उसनवारी तर उसनवारी. पण दत्तारामच्या घरात चूल पेटत नव्हती हे तू छापणार, आणि कांता इथल्या लिफ्टमध्ये मान वर करून उभी राहणार? जन्मभर जपलंय तिने ते.”

उशीखालून फॉर्म काढला. पेन मागितलं. सावकाश, एकेक अक्षर लावून सही केली.

“घे. आहे तस्संच छाप. नवं एक पान जरी काढलंस ना, तर हे दार तुला बंद.”

महिनाभर ज्या सहीच्या मागे होते ती हातात घेऊन खाली आले. लिफ्टमध्ये चारवरच्या बाईंनी विचारलं, “काय, पुस्तक कुठवर आलं?” मी म्हटलं, झालंच.

१३ मार्च

सर खूश. म्हणाले, “बघा, उगीच घाबरत होतात.” त्यांना काही सांगितलं नाही. काय सांगणार? छापलं तर मावशीशी बेइमानी, आणि खरं काढलं तर आईची मान खाली. पुस्तकच नको म्हणावं, तर तेही जिवावर येतं. सहा वर्षांची मेहनत आहे, आणि मला ते पुस्तक हवंय. दुकानात उभं राहून आपलं नाव बघायचंय. हेही खरंच लिहिते.

१६ मार्च

मुखपृष्ठाचा नमुना आला. माणूस घरी देऊन गेला तेव्हा मी पोस्टात होते. परत आले तर आईने पाकीट फोडलेलं. टेबलावर मुखपृष्ठ, त्यावर मावशी, वाटी पुढे करून, दात दाखवत, आणि नाक मी काढलं त्याहूनही लांब केलेलं.

“ही कोण?” आईने विचारलं.

“मालनमावशी.”

आईने ते पुन्हा उचललं. बराच वेळ बघत राहिली. मग आत गेली, चांगलं लुगडं नेसून आली. “चल वर.”

“आई, थांब जरा, मी सांगते...”

“तू काही सांगू नकोस. तू सांगितलंस तेवढं पुरे.”

मावशीने दार उघडलं. आईच्या हातातलं मुखपृष्ठ पाहिलं आणि नजर माझ्याकडे वळवली.

“सांगितलंस शेवटी?”

“तिने कशाला सांगायला पाहिजे, मालन?” आई म्हणाली. “चमचाभर हळदीला पातेलंभर भात कोण परत करतं? मला काय डोळे नव्हते?”

मावशी दाराला धरून उभी राहिली. तिला खुर्चीत बसवायला हवं होतं, पण मला हलताच येईना.

“तुला माहीत होतं?”

“पहिल्या दिवसापासून.”

“मग कांता, पंचवीस वर्षं! एकदा तरी बोलायचंस.”

“बोलले असते तर तू यायची थांबली असतीस.”

मावशीने आईचा हात धरून तिला आत नेलं, दोघी पलंगावर बसल्या. आईने पदर तोंडाला लावला. बाबा गेले तेव्हाही मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. मावशी तिच्या पाठीवर थापटत होती, लहान पोराला थापटतात तशी, आणि स्वतःही रडत होती.

बऱ्याच वेळाने आई माझ्याकडे वळली. “हे फाड.”

“कांता, राहू दे,” मावशी म्हणाली. “मी सही दिलीय. पोरीचं पुस्तक आहे.”

“तुझी असली चेष्टा होणार असेल तर नको मला ते पुस्तक. आणि काढायचंच असेल तर सगळं काढ म्हणावं. माझी पोरं उपाशी होती तेपण काढ. दत्ताराम कोपऱ्यात तोंड फिरवून बसायचा, तो भात त्याच्या घशाखाली उतरायचा नाही, तेपण काढ. मी सत्तरीची झाले, आता कोणाला लाजू?”

“लोक काय म्हणतील?” मावशीने विचारलं.

“म्हणतील, कांताला अशी शेजारीण होती.”

मावशीने नाक पुसलं. माझ्याकडे बघून म्हणाली, “काढ मग. पण ते भाकऱ्यांचं नीट काढ. मी चुकून जास्त कधी केल्या नाहीत.”

मी तिथूनच माधव सरांना फोन लावला. मुखपृष्ठ बदलायचं आणि नवीन पानं येणार, म्हटलं. ते म्हणाले, वीस तारीख चुकली तर दिवाळीनंतर, आणि उसनवारी मावशीशिवाय वरचे लोक तयार होतील असं त्यांना वाटत नाही. मी म्हटलं, नाही झाले तर नाही.

फोन ठेवला तर दोघी माझ्याकडे बघत होत्या. काय म्हणाला, असं आईने विचारलं. मी सांगितलं.

“जाऊ दे,” मावशी म्हणाली. “तू आम्हा दोघींपुरतं काढ आधी.”